अंधुक उजेडातल्या लग्नासाठी पोर्ट्रेट लेन्स: आधी अंतर, मग फोकस, एफचा आकडा शेवटी

लग्नाचं काम नव्यानं घेणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो "८५ एफ १.४ घे" हा. म्हणजे ८५ मिलिमीटर फोकल लेंग्थची, एफ १.४ पर्यंत उघडणारी लेन्स. फोकल लेंग्थ जितकी जास्त तितकं दृश्य जवळ येतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड (ॲपर्चर) मोठं आणि उजेड जास्त. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. मागे सरकायला जागा नसेल तर ८५ बॅगेतच राहते. अंधारात फोकस चाचपडत बसला तर एफ १.४ असून नसल्यासारखं. आणि दोन माणसं शेजारी उभी राहिली की तेच एफ १.४ बंद करून २.८ वर जावं लागतं. त्यामुळे किती अंतरावरून काढायचं आहे ते आधी ठरवा, अंधारात फोकस कोणती लेन्स पकडते ते मग बघा, आणि एफचा आकडा सगळ्यात शेवटी निवडा.

पायरी १: उजेड मोजून आणा

अंदाजानं लेन्स घेऊ नका. हातात असेल ती किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स) घेऊन एखाद्या कार्यक्रमात जा. हॉल रिकामा असतानाचा उजेड उपयोगाचा नाही, कार्यक्रमाच्या वेळी जे दिवे लागतात तेच हवेत. मॅन्युअल मोड, शटर १/१६० सेकंद, ॲपर्चर एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. ऑटो आयएसओची वरची मर्यादा आधी पूर्ण वाढवून ठेवा, नाहीतर आकडा तिथेच अडकतो आणि फोटो नुसताच काळा येतो. चेहरा फ्रेमभर घ्या आणि आयएसओ किती दाखवतोय ते लिहून ठेवा. स्टेजवर, जेवणाच्या टेबलांपाशी, नाचाच्या जागी आणि दारात असं चार ठिकाणी करा.

आता हिशोब. एफ ५.६, ४, २.८, २, १.४ या मालिकेत दर पायरीला, म्हणजे दर स्टॉपला, उजेड दुप्पट होतो आणि आयएसओ निम्मा लागतो. एफ ५.६ ला २५६०० आलं असेल तर २.८ ला ६४००, २ ला ३२०० आणि १.४ ला १६०० लागेल. एफ १.८ ही पूर्ण पायरी नाही. ती १.४ पेक्षा दोन तृतीयांश स्टॉपनं मंद आहे, म्हणजे साधारण २५०० आयएसओ.

एफ ५.६ ला फक्त ६४०० आलं, तर २.८ ची झूम लेन्ससुद्धा १६०० वर काम भागवेल आणि फास्ट, म्हणजे मोठ्या ॲपर्चरच्या, लेन्सची गरज फक्त पार्श्वभूमी विरघळवण्यापुरती उरेल. तीही गरज खरी आहे, पण ती वेगळी आहे हे पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं.

शटर १/१६० का, तर शांत उभा माणूसही बोलताना मान हलवतो. चालणाऱ्याला १/२५० लागतं, नाचणाऱ्याला १/३२० ते १/५००. लेन्समधलं किंवा बॉडीमधलं (म्हणजे कॅमेऱ्यातलं) स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. "स्टॅबिलायझेशन आहे, १/३० ला काढू" म्हणून काढलेल्या फोटोत मागची भिंत शार्प आणि चेहरा हललेला येतो. मंद उजेडात हे इतक्या वेळा घडतं की लेन्सलाच उगाच दोष दिला जातो.

पायरी २: मागे किती जागा मिळते?

फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरचा, कॅमेरा उभा धरला तर सेन्सरची उंची ३६ मिलिमीटर. त्यावरून एक सोपं गणित निघतं: फ्रेममध्ये जेवढी उंची हवी तिला फोकल लेंग्थनं गुणा आणि ३६ नं भागा, अंतर मिळेल. डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून उभ्या माणसाला २ मीटर उंचीची फ्रेम धरा. मग ३५ मिलिमीटरला सुमारे १.९ मीटर मागे जावं लागतं, ५० ला २.८, ८५ ला ४.७ आणि १३५ ला ७.५ मीटर.

आता गर्दीच्या हॉलची कल्पना करा. तुमच्या आणि जोडप्याच्या मध्ये ४ मीटर मोकळे आहेत, पाठीला खुर्च्या लागल्या आहेत. ८५ नं उभी फ्रेम १.७ मीटरचीच मिळते, म्हणजे पाय कापले जाणार. आडवी फ्रेमही १.७ मीटर रुंद, खांद्याला खांदा लावून तीन माणसं जेमतेम. पूर्ण आकृती हवी तर इथे ५० च लागेल. उलट स्टेजच्या पायऱ्यांखाली उभं राहून भावुक झालेला चेहरा टिपायचा असेल तर त्याच ४ मीटरवर ८५ कमी पडते आणि १३५ हवीशी वाटते.

क्रॉप सेन्सरवाल्यांनी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेल्यांनी, इथे घाई करू नये. १.५ क्रॉपवर ८५ ही १२७ सारखी वागते आणि छोट्या हॉलमध्ये अडचण करते. तिथे ५६ मिलिमीटर हीच ८५ ची जागा घेते: फुजीफिल्मची ५६ एफ १.२, किंवा सिग्माची ५६ एफ १.४, जी जेमतेम २८० ग्रॅमची आहे. कॅननच्या १.६ क्रॉपवर साधी ५० मिलिमीटर ८० सारखी दिसते. मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरवर ४२.५ किंवा ४५ बघा.

झूम वापरून काढलेले जुने फोटो असतील तर त्यातले तुम्हाला आवडलेले शंभर काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ माहितीत बघा. बहुतेक ४५ ते ६० मध्ये असतील तर ८५ ची हौस थोडी थांबवा. पहिली एकच लेन्स घ्यायची असेल, जागा अनिश्चित असेल आणि झूम हाताशी नसेल, तर आमचं मत ५० च्या बाजूनं आहे. २४-७० सारखी झूम आधीच असेल तर ८५. १३५ ही तिसरी लेन्स आहे, पहिली कधीच नाही.

"५० नं चेहरा बिघडतो" असं ऐकू येतं. चेहरा बिघडतो तो जवळ गेल्यामुळे. ७० सेंटिमीटरवरून काढलात तर कोणत्याही लेन्सनं नाक मोठं दिसेल. दीड-दोन मीटरवर उभे राहा आणि हवं तर नंतर कापा.

पायरी ३: किती खोली शार्प राहते ते डोळ्यांनी बघा

शार्प खोली म्हणजे पुढून मागे किती अंतरातलं स्पष्ट दिसतं ते. सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते इथे. फुल फ्रेमवर ८५ मिलिमीटर, माणूस २ मीटरवर:

- एफ १.४ ला सुमारे ४.५ सेंटिमीटर खोली शार्प
- एफ १.८ ला ५.७
- एफ २ ला ६.४
- एफ २.८ ला ९

३ मीटरवर गेलात तर एफ १.४ ला १० आणि २.८ ला २० सेंटिमीटर मिळतात. दोन पावलं मागे जाणं हा ॲपर्चर एक-दोन पायऱ्या बंद करण्याइतकाच उपाय आहे आणि त्यात उजेड जात नाही.

४.५ सेंटिमीटर म्हणजे काय ते एका चेहऱ्यावर बघू. दोन बुबुळांमध्ये साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं. चेहरा ४५ अंशांत वळला की एक डोळा दुसऱ्यापेक्षा ४ सेंटिमीटरहून थोडा जास्त मागे जातो. फोकस जवळच्या डोळ्यावर आहे, त्याच्या मागे शार्प खोली उरते सव्वादोन सेंटिमीटर. लांबचा डोळा सॉफ्ट येणारच. समोरून बघणाऱ्या चेहऱ्यात ते चालून जातं, वळलेल्या चेहऱ्यात खटकतं. एफ २.८ ला तोच डोळा सीमेवर येतो आणि फोटो वाचतो.

जोडप्याच्या दोन डोक्यांत पुढेमागे १५ सेंटिमीटर फरक असणं रोजचं आहे. तिथे ३ मीटर आणि एफ २.८, किंवा त्यांना सांगून दोघांची कपाळं एका रेषेत आणणं, एवढेच मार्ग. तीन माणसांसाठी एफ ४ ला जा आणि आयएसओ वाढू द्या. ग्रेन (दाणेदारपणा) असलेला फोटो लोक आल्बममध्ये लावतात, वराचा चेहरा सॉफ्ट असलेला लावत नाहीत.

आणखी एक जुनी सवय अशा लेन्सवर अंगाशी येते. मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस करायचा, शटर अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवायची. २ मीटरवरून कॅमेरा १० अंश फिरवला की फोकसचं प्रतल डोळ्याच्या ३ सेंटिमीटर मागे जातं. एफ ५.६ ला हे कुणाच्या लक्षातही येत नाही, १.४ ला डोळ्याऐवजी त्याच्या मागचा भाग शार्प येतो. फोकस पॉइंटच डोळ्यावर न्या किंवा आय डिटेक्शन (डोळा आपोआप ओळखून फोकस करणारी सोय) वापरा.

पायरी ४: अंधारात फोकस पकडते का?

कंपन्या बॉडीच्या माहितीत "उणे ४ ईव्ही पर्यंत फोकस" असे आकडे देतात (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका उणे तितका अंधार जास्त). ते एकमेकांशी थेट ताडू नका. कॅनन हे आकडे एफ १.२ ची लेन्स धरून देते, सोनी एफ २ धरून. तुमच्या एफ २.८ च्या लेन्सला तेवढ्या अंधारापर्यंत जाता येत नाही. फास्ट लेन्सचा हा फायदा मात्र खरा आहे: फोटो एफ २.८ ला काढायचा असला तरी फोकसच्या वेळी जास्त उजेड आत येतो. अपवाद एवढाच की काही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉड्या निवडलेल्या ॲपर्चरवरच फोकस करतात, त्यामुळे हा फायदा तुमच्या बॉडीत मिळतो का ते तपासून घ्या.

मोठं ॲपर्चर आणि वेगवान फोकस या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही. एफ १.२ मध्ये काच मोठी आणि जड, ती हलवायला मोटरही तशीच ताकदीची लागते. कॅननची जुनी ईएफ ८५ एफ १.२ ही लेन्स फोटोतल्या गोडव्यासाठी नावाजलेली आणि संथ फोकससाठी तितकीच प्रसिद्ध. बसलेल्या माणसासाठी उत्तम, चालत येणाऱ्या वधूसाठी त्रासदायक. नव्या लेन्समध्ये लिनिअर मोटर आल्यापासून हे दुखणं बरंच कमी झालं आहे.

लेन्स भाड्यानं किंवा दोन दिवस मागून आणा आणि घरी ही चाचणी करा:

१. खोलीतले दिवे बंद, शेजारच्या खोलीतला एकच दिवा चालू, दार अर्धं उघडं.

२. लेन्स पूर्ण उघडी, शटर १/२५०, आयएसओ ऑटो, कंटिन्युअस (सतत चालू राहणारा) फोकस, आय डिटेक्शन चालू.

३. समोरच्याला ५ मीटरवरून सावकाश तुमच्याकडे चालत यायला सांगा. २० फोटो घ्या.

४. तेच पुन्हा, पण दिवा त्याच्या पाठीमागे ठेवून.

५. तिसऱ्यांदा काळे कपडे घालून, चेहरा बाजूला वळवून.

सगळे फोटो संगणकावर १०० टक्क्यांवर उघडा आणि फक्त जवळच्या डोळ्याच्या पापण्या बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळंच शार्प दिसतं. पहिल्या चाचणीत २० पैकी १५ जमले आणि दुसरीत ५, तर अडचण पाठीमागच्या उजेडाची आहे. दिव्यामुळे चेहऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट मरतो आणि फोकसला धरायला रेघच सापडत नाही. अशा वेळी चेहऱ्याऐवजी कपड्याची कड किंवा दागिना, जो डोळ्याइतक्याच अंतरावर असेल, तो पकडा.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर एक जादा काम आहे. तिथे फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडी एकमेकींना नीट न जुळल्यास फोकस कायम थोडा पुढे किंवा मागे पडतो. टेबलावर पट्टी तिरकी ठेवून, एका खुणेवर फोकस करून दहा फोटो काढा. दहाही एकाच बाजूला चुकले तर बॉडीतल्या फोकस ॲडजस्टमेंटनं दुरुस्त होतं. कधी पुढे कधी मागे चुकले तर ती दुरुस्ती काही कामाची नाही. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरूनच होतो, हा खटाटोप लागत नाही.

पायरी ५: आता एफचा आकडा

१.८ की १.४? फरक दोन तृतीयांश स्टॉपचा, म्हणजे आयएसओ २५०० ऐवजी १६००. आजच्या फुल फ्रेम बॉडीवर हा फरक छापील फोटोत शोधावा लागतो. वजनाचा फरक मात्र मनगटाला लगेच कळतो. सोनीची ८५ एफ १.८ ही ३७१ ग्रॅमची, त्याच कंपनीची २०१६ ची ८५ एफ १.४ जीएम ८२० ग्रॅमची, २०२४ ची दुसरी आवृत्ती ६४२ ची. निकॉन झेड ८५ एफ १.८ एस ४७० ग्रॅम, तर २०२३ ची एफ १.२ एस ११६० ग्रॅम. कॅनन आरएफ ८५ एफ १.२ जवळपास १२०० ग्रॅम. आठ-दहा तास एक किलोची लेन्स दुसऱ्या बॉडीसकट खांद्यावर वागवली की संध्याकाळी हात कापतो, आणि खरा अंधार तर तेव्हाच असतो.

नवख्यासाठी आमची शिफारस ८५ एफ १.८ ची. उरलेल्या पैशांत एक फ्लॅश आणि एक जादा बॅटरी येते, आणि त्यातला फ्लॅश जास्त फोटो वाचवेल. एफ १.४ केव्हा घ्यावी? पायरी १ च्या चाचणीत १.८ ला सतत ६४०० च्या वर जावं लागत असेल आणि फ्लॅशला मनाई असेल, तेव्हा. एफ १.२ चा १.४ वर फायदा अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी आहे. ती उजेडासाठी नव्हे, दिसण्यासाठी घेतात.

कॅननच्या आरएफ ८५ एफ २ मॅक्रोचा मोह अनेकांना होतो, कारण ३५ सेंटिमीटरवरून अंगठ्यांचे फोटोही मिळतात. चांगली लेन्स आहे, पण मॅक्रोमुळे फोकसला लांब प्रवास करावा लागतो आणि अंधारात तो चुकला की पुढेमागे शोधत बसतो. वापरणार असाल तर फोकस मर्यादेचं बटण दूरच्या टप्प्यावर ठेवा.

"मऊ बोके" साठी (बोके म्हणजे फोकसबाहेरच्या धूसर पार्श्वभूमीचं रूप) खास बनवलेल्या लेन्सपासून सांभाळून. सोनीच्या १०० एसटीएफवर एफ २.८ लिहिलेलं आहे, पण आतल्या काळपट फिल्टरमुळे प्रत्यक्ष उजेड टी ५.६ इतकाच, म्हणजे एफ ५.६ च्या लेन्सएवढाच, पोचतो. उन्हातल्या बागेत सुंदर, इथे निरुपयोगी.

पायरी ६: दिव्यांशी लेन्स कशी वागते

लग्नात पार्श्वभूमीला दिव्यांच्या माळा असतात, त्यामुळे दोष तिथेच दिसतात. लहान दिव्यांची माळ ४-५ मीटरवर टांगा, फोकस १.५ मीटरवर ठेवा, लेन्स पूर्ण उघडा. कोपऱ्यातले गोळे लिंबाच्या फोडीसारखे चपटे येतील, हे जवळजवळ सगळ्या फास्ट लेन्समध्ये होतं आणि एफ २ ते २.८ ला कमी होतं. गोळ्यांच्या आत कांद्यासारखी वर्तुळं दिसली तर ती साच्यात बनवलेल्या ॲस्फेरिकल काचेची खूण. ती नंतर काढता येत नाहीत, म्हणून आत्ताच ठरवा की चालतील का.

फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी कड येते तो रंगदोष. पांढऱ्या कपड्याच्या कडेला, चष्म्याच्या दांडीवर आणि चमकत्या दागिन्यांवर तो डोळ्यात भरतो. कॅननची ईएफ ८५ एफ १.८ यासाठी ओळखली जाते. एफ २.८ ला बराच जातो, उरलेला रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलमध्ये काढता येतो.

फिल्टर काढून ठेवा. सेन्सरवरून उलटलेला दिव्यांचा उजेड समोरची सपाट काच परत सेन्सरवर फेकते आणि फ्रेमच्या विरुद्ध कोपऱ्यात हिरवट ठिपके तरंगतात. काचेच्या रक्षणाला हूड (लेन्सपुढे लावायचं कडं) पुरे.

जुनी लेन्स घेत असाल तर आणखी तीन गोष्टी. मागून टॉर्च मारून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी किंवा दुधी धूसरपणा असेल तर सोडून द्या. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का बघा, तेलानं पाती चिकटतात आणि फोटो अचानक जास्त उजळ येतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटरच नसते. जुन्या लेन्स निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला जोडणारा एफटीझेड ॲडॉप्टर लावूनही त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. लग्नाच्या गर्दीत हातानं फोकस करायची तयारी नसेल तर स्वस्तात मिळते म्हणून ती घेऊ नका.

पायरी ७: पहिल्या कामाआधीची मांडणी

मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, एका माणसाला एफ २, दोघांना २.८. शटर १/२०० पासून सुरू करा. रॉ. कंटिन्युअस फोकस. फोकससाठी लागणारा बॉडीवरचा नारिंगी किंवा लाल दिवा बंद ठेवा, तो चेहऱ्यावर पडला की माणूस सावध होतो आणि क्षण गेला.

एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे दिसू लागले तर लेन्स निर्दोष आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा, शटर अनुक्रमे १/१०० किंवा १/१२५ वर आणा, आणि अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. स्टेजचे रंगीत दिवे वेगळ्याच गतीनं लुकलुकतात, तिथे शटर थोडं थोडं बदलत पट्टे नाहीसे होईपर्यंत बघत राहावं लागतं.

गडद निळ्या किंवा जांभळ्या दिव्यात चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा सपाट येतो. निळा चॅनल (फोटोतला निळ्या रंगाचा थर) ठासून भरलेला, लाल आणि हिरव्यात जवळजवळ काहीच नाही. त्वचेचा पोत त्या दोन चॅनलमध्ये असतो आणि तो टिपलाच गेला नाही तर एफ १.२ सुद्धा तो परत आणत नाही. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा, निळा उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्सपोजर एक स्टॉपनं उतरवा, आणि दिवे पांढऱ्यावर फिरेपर्यंत बोट शटरवर ठेवून थांबा. दिव्यांचा फेरा दोन-तीनदा पाहिला की पांढरा केव्हा येणार ते समजतं.